लग्नात चुकून ग्लूटेन पोटात गेलं, नऊ दिवस झाले तरी पोट ठिकाणावर नाही: काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताईंनी आठ महिन्यांपासून स्वतःहूनच गहू-मैदा, म्हणजे त्यातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन, बंद केलंय, कारण पोळी खाल्ली की पोट फुगायचं, पण टेस्ट वगैरे काही केलेली नाही. मागच्या आठवड्यात पुण्यात एका लग्नाला गेल्या, पोळी-पुरीला हात लावला नाही, पनीरची भाजी, मसालेभात, मठ्ठा आणि दोन कोथिंबीर वड्या एवढंच खाल्लं, तरी तीन तासांत पोट टम्म, कळा, रात्रीपर्यंत चार-पाच जुलाब, डोकं जड. जुलाब दुसऱ्या दिवशी थांबले पण फुगणं आणि मधूनच कळा अजून चालू आहेत. घरी सासूबाई मऊ भात-मेटकूट देतायत. विचारलंय की हे किती दिवस चालतं, औषध काय, आणि आतड्याला इजा झाली असेल का.

मी आहारतज्ज्ञ आहे, पोटविकाराच्या डॉक्टरांबरोबर बरीच वर्षं काम करतेय आणि असे पेशंट सतत बघते. ताई, सगळ्यात आधी मेटकूट थांबवा. मेटकुटात बहुतेक घरी गहू असतो. हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ आणि गहू भाजून दळायचे, त्यात सुंठ, जिरं, मेथी, मोहरी, हळद, हिंग. घरोघरी प्रमाण वेगळं असतं पण वाटीभर डाळीला पाव वाटी गहू बऱ्याच जणी घालतात. म्हणजे तुम्ही ज्या दिवसापासून आजारी आहात त्या दिवसापासून रोज थोडा थोडा गहू पोटात जातोय, तोही औषध म्हणून. सासूबाईंची यात काही चूक नाही, पोट बिघडलं की मऊ भात-तूप-मेटकूट हे आपल्याकडे आजीच्या आजीपासून चालत आलंय आणि ज्याला गव्हाचा त्रास नाही त्याला ते उत्तमच आहे.

नऊ दिवस ऐकून मी आधी मेटकुटावर का गेले ते सांगते. एकदाच चुकून खाल्लं गेलं तर त्रास बहुतेकांना तासा-दोन तासांत, कधी अर्ध्या दिवसाने सुरू होतो आणि एक-दोन दिवसांत ओसरायला लागतो, काहींना पूर्ण बरं वाटायला आठवडा लागतो, त्यातही फुगणं आणि थकवा सगळ्यात शेवटी जातो. पण पहिले दोन दिवस जोरात, मग थोडं कमी आणि मग त्याच पातळीवर अडकून बसलं, असं दिसलं की मी पेशंटला लग्नातलं जेवण विचारत नाही, लग्नानंतर घरी काय काय खाल्लं ते विचारते. दहातल्या निम्म्या वेळा तरी उत्तर तिथेच सापडतं. चहाबरोबर टोस्ट, "हलकं म्हणून" मारी बिस्किट, अंगात ताकद यावी म्हणून गव्हाचं सत्त्व किंवा लापशी, लघवीला जळजळ होते म्हणून बार्लीचं पाणी, दुधात माल्टची पावडर. बार्लीत आणि बार्लीपासून केलेल्या माल्टमध्ये पण ग्लूटेन असतं हे गहू सोडलेल्या लोकांनाही माहीत नसतं. आणि खपली! खपली हा गहूच आहे, जुना असेल, गुणी असेल, साखरेवर बरा म्हणून कुणी सांगितला असेल, पण त्यात ग्लूटेन आहे, सिलिॲकवाल्याने, म्हणजे ग्लूटेनमुळे ज्याच्या आतड्याला इजा होते त्याने, त्याच्या वाटेला जाऊ नये. नाचणी सत्त्वाचा विकतचा डबा घेतलात तर मागचं लेबल वाचा, नाव नाचणीचं असतं आणि आत गहू नाहीतर माल्ट निघतं.

आता हिंगाचं. यावरून लोक फार घाबरतात म्हणून नीट हिशोब करून दाखवते. आपण वापरतो तो डबीतला हिंग शुद्ध नसतो, खडा हिंग इतका उग्र असतो की तो डिंक आणि पिठात बांधून विकतात, आणि हे पीठ बरेचदा गव्हाचं असतं. समजा तुम्ही आमटीच्या फोडणीत पाव ग्रॅम हिंग टाकला, त्यात अर्ध्याहून थोडं जास्त गव्हाचं पीठ, पिठात साधारण 10 टक्के ग्लूटेन, म्हणजे अख्ख्या पातेल्यात 12 ते 15 मिलिग्रॅम, ती आमटी चौघांनी खाल्ली तर तुमच्या वाट्याला 3-4 मिलिग्रॅम. आता दुसरीकडे बघा, एका पोळीला 25-30 ग्रॅम कणीक लागते, म्हणजे जवळजवळ अडीच-तीन हजार मिलिग्रॅम ग्लूटेन. चमचाभर मेटकुटात साधारण 100 मिलिग्रॅमच्या आसपास जातं. सिलिॲकच्या पेशंटवर इटलीत एक अभ्यास झाला होता, त्यात रोज 50 मिलिग्रॅम तीन महिने दिल्यावर आतड्यावर परिणाम दिसला, आणि सहसा दिवसाला 10 मिलिग्रॅमच्या आत राहावं असं डॉक्टर सांगतात. त्यामुळे सिलिॲक असेल तर आमटी, भाजी, कोशिंबीर, ताक मिळून दिवसभराचा हिंग मोजावा लागतो आणि सरळ तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग आणावा, तो आता मिळतो. पण सिलिॲक नाही, नुसती सेन्सिटिव्हिटी आहे, म्हणजे त्रास होतो पण आतड्याला इजा नाही, तर फोडणीतल्या हिंगाने नऊ दिवस पोट दुखेल असं मला तरी वाटत नाही. तिथे डोकं लावण्यापेक्षा मेटकूट, भाजणी आणि दळण बघा.

दळण म्हणजे गिरणी. तुम्ही ज्वारीची भाकरी खाताय असं लिहिलंय, पण ती ज्वारी कुठे दळता? कोपऱ्यावरच्या गिरणीत दिवसभर गहू चालू असतो, तुमच्या आधीच्या माणसाचे पाच किलो गहू निघाले की त्याच जात्यात तुमची ज्वारी पडते, आणि पहिल्या मापभर पिठात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, रंगावरून पण कळतं कधीकधी. आपल्या आया "ज्वारीवर ज्वारी टाका हो" असं गिरणीवाल्याला सांगायच्या ते चवीसाठी, पण इथे ते जास्तच कामाचं आहे. सिलिॲकवाल्यांना मी सांगते की घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच टाकू नका. जमत नसेल तर तांदळाची नाहीतर ज्वारीची वेगळी चक्की असलेली गिरणी शोधा, आणि तीही सापडली नाही तर धुऊन वाळवलेली ज्वारी सकाळी गिरणी उघडल्या उघडल्या न्या, आणि तरी पहिलं पीठ घरच्यांच्या डब्यात काढा. थालीपिठाची भाजणी विकत आणत असाल तर ती बंद, तिच्यात बहुतेक वेळा गहू असतोच, घरी गव्हाशिवाय करता येते आणि चवीत काही फरक पडत नाही, उलट खुसखुशीत होते.

तर मग सध्या खायचं काय. मऊ भात चालू ठेवा, तूप-मीठ घाला, मुगाचं पातळ वरण, तांदळाची पेज, उकडलेला बटाटा, शिजवलेला दुधी किंवा लाल भोपळा, पिकलेलं केळं. आपल्याकडे उपवासाचं सामान वेगळ्या डब्यात असतं आणि त्याला धान्याचा हात लावत नाहीत, याचा इथे मस्त उपयोग होतो, वरी किंवा राजगिऱ्याचं पीठ बहुतेक घरांत गव्हापासून आपोआप लांब राहिलेलं असतं, त्यामुळे वरीचा भात चालेल. पण साबुदाण्याची खिचडी नको, ग्लूटेन नसलं तरी बिघडलेल्या पोटाला साबुदाणा आणि दाण्याचं कूट फार जड पडतं. दूध आठवडाभर बाजूला ठेवा. दुधातली साखर पचवणारं एन्झाइम लहान आतड्याच्या आतल्या झालरीच्या अगदी टोकावरच्या पेशींत असतं आणि जुलाबात पहिल्यांदा तेच कमी पडतं, म्हणून एरवी दूध पचणारा माणूस पण अशा दिवसांत कपभर कॉफीने फुगतो आणि वाटतं की अजून ग्लूटेनच नडतंय. ताज्या दह्याचं पातळ ताक सहसा चालतं.

जुलाब परत लागले तर ओआरएस, पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं, एक लिटरचं पाकीट असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात नाही. कळांसाठी पेटके कमी करणारी गोळी डॉक्टर देतील, पण घरात पडलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नका, पोट आणखी बिघडेल. ग्लूटेन पचवणाऱ्या एन्झाइमच्या गोळ्या मिळतात आणि बऱ्यापैकी महाग असतात, त्या जेवणाबरोबर घेतल्या तर पोटात थोडंफार ग्लूटेन तोडतात हे खरंय पण सगळं नाही, आणि जेवण होऊन नऊ दिवस झाल्यावर घेऊन तर काहीच अर्थ नाही. कोळशाच्या कॅप्सूलचंही तसंच, शिवाय त्या तुमची दुसरी औषधं शोषून घेतात. आणि कुणीतरी नक्की म्हणेल की एरंडेल घे आणि पोट साफ करून टाक. नका घेऊ. ग्लूटेन आतड्याला चिकटून बसत नाही, ते तर कधीच बाहेर गेलं, मागे राहिलीय ती आतड्याची चिडचिड, आणि चिडलेल्या आतड्याला रेचक दिलं की काय होईल ते सांगायला नको.

आता जरा उलट बाजू. लग्नात जे झालं ते ग्लूटेनमुळेच झालं असं तुम्ही धरून चाललाय. मी नाही धरणार. पहिला प्रश्न, त्या पंगतीत जेवलेल्या आणखी कुणाला त्रास झाला का? झाला असेल तर साधं फूड पॉयझनिंग असू शकतं, आणि त्यानंतर आतडं दोन-तीन आठवडे नाजूक राहणं अगदी नेहमीचं आहे. जिआर्डियासारखा जंतू लागला तर फुगणं, गॅस, मधूनच पातळ शौच असंच आठवडेच्या आठवडे चालतं, म्हणून शौचाची तपासणी करून घ्या, स्वस्तात होते. दुसरं, कोथिंबीर वडी बेसनाची असली तरी ती ज्या कढईत तळली त्यातच आधी मैद्याचं काही तळलं असणार, हे खरं. पण पनीरच्या भाजीचा विचार करा. हॉलची ती लाल ग्रेव्ही म्हणजे कांदा, लसूण, काजू, परत कांदा. कांद्या-लसणात आणि गव्हात एक समान गोष्ट असते, फ्रुक्टान नावाची साखळीवाली साखर, ती कुणालाच पूर्ण पचत नाही, मोठ्या आतड्यातले जंतू ती आंबवतात, गॅस होतो, आणि ज्याचं आतडं हळवं आहे त्याला तोच गॅस असह्य होतो.

2018 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, नॉर्वेत केलेला. आम्हाला ग्लूटेन चालत नाही असं स्वतः सांगणारे 59 लोक घेतले, सिलिॲक नसलेले, आणि त्यांना एक आठवडा ग्लूटेन घातलेले, एक आठवडा फ्रुक्टान घातलेले आणि एक आठवडा दोन्ही नसलेले बार खायला दिले, कोणता कधी ते त्यांना सांगितलं नाही. सगळ्यात जास्त पोट फुगलं ते फ्रुक्टानने. ग्लूटेनचा आठवडा आणि काहीच नसलेला आठवडा यांत फारसा फरक निघाला नाही. म्हणजे त्यांचा त्रास खोटा होता असं नाही, पोळी सोडल्यावर त्यांना बरं वाटत होतं हेही खरं, फक्त पोळीतलं नडत होतं ते वेगळंच. माझ्याकडे एक काका यायचे, गहू सोडून पाहिला, दूध सोडून पाहिलं, काही उपयोग नाही, आणि बोलता बोलता म्हणाले की चातुर्मासात मात्र माझं पोट एकदम छान असतं, देवाची कृपा. घरात आषाढ ते कार्तिक कांदा-लसूण पूर्ण बंद! कांदेनवमीला भजी हाणायची आणि मग चार महिने सुट्टी. पुढे काय केलं असेल ते तुम्हीच ओळखा, गहू परत सुरू केला, कांदा कमी केला, काका खूश. काकू नाराज होत्या, रोज कांद्याशिवाय भाजी काय करायची म्हणून.

इजेचा प्रश्न. याचं उत्तर तुम्हाला नक्की काय आहे त्यावर आहे आणि तेच तुम्ही शोधलेलं नाही, म्हणून मी टेस्टच्या मागे लागलेय. सिलिॲक हा शरीराच्या संरक्षण यंत्रणेचा आजार आहे, त्यात ग्लूटेन आलं की लहान आतड्याच्या आतल्या झालरीवर शरीर स्वतःच हल्ला करतं, झालर सपाट होत जाते, लोह, कॅल्शियम शोषलं जात नाही, अ‍ॅनिमिया होतो, हाडं ठिसूळ होतात. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला हा आजार सापडतो, दक्षिणेत बराच कमी. गंमत म्हणजे यात त्रास किती झाला यावरून इजा किती झाली ते कळत नाही, काहींना बिस्किटाच्या तुकड्याने उलट्या होतात तर काही जण रोज पोळ्या खातात, पोटाची काही तक्रार नाही, फक्त हिमोग्लोबिन वर येत नाही आणि आतून झालर सपाट. एकदा चुकून गेलं तर आतड्याचं अस्तर काही दिवसांत नवीन येतं, त्यामुळे एका लग्नाच्या जेवणाने कायमचं काही होत नाही. पुन्हा पुन्हा जात राहिलं तर होतं. साध्या सेन्सिटिव्हिटीत त्रास होतो पण अशी इजा होताना दिसत नाही, म्हणजे तिथे पथ्य किती कडक पाळायचं हे तुमच्या पोटाला विचारून ठरवता येतं, सिलिॲकमध्ये ती सोय नाही.

आणि तिसरा प्रकार, गव्हाची ॲलर्जी, तो सगळ्यात वेगळा. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांध्या, ओठ सुजणं, श्वास लागणं, चक्कर. काहींना तर गहू खाऊन नुसतं बसलं तर काही नाही, पण खाऊन लगेच पळायला किंवा जिमला गेले की होतं. असं कधीही झालं तर घरी थांबायचं नाही, सरळ इमर्जन्सी.

टेस्टची अडचण अशी की टीटीजी-आयजीए ही रक्ताची टेस्ट गहू खात असतानाच खरं सांगते. आठ महिने बंद ठेवून केली तर आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते आणि तुम्ही म्हणाल चला, सिलिॲक नाही. म्हणून टेस्टच्या आधी किमान सहा आठवडे रोज, एकापेक्षा जास्त वेळच्या जेवणात गहू खावा लागतो, दिवसाला दोन पोळ्या धरा. ऐकायला भयंकर वाटतं, कळतंय मला, त्यामुळे आत्ता लगेच नाही, आधी हे पोट शांत होऊ दे, आणि डॉक्टरांशी बोलून सुरू करा, ॲलर्जीसारखं काही कधी झालं असेल तर स्वतःच्या मनाने अजिबात नाही. टीटीजीबरोबर टोटल आयजीए पण करायला सांगा, ते मुळातच कमी असेल तर टीटीजी फसवं निगेटिव्ह येतं. पॉझिटिव्ह आलं तर मोठ्यांमध्ये सहसा दुर्बीण घालून आतड्याचे तुकडे तपासतात. गहू परत खायची अजिबात तयारी नसेल तर एचएलए डीक्यू2-डीक्यू8 ही जीनची टेस्ट आहे, तिला गहू खावा लागत नाही, दोन्ही नसतील तर सिलिॲक जवळजवळ नाहीच. पण असले म्हणजे आजार आहे असं नाही, हे जीन निरोगी लोकांतही भरपूर असतात. गल्लोगल्ली दोनशे पदार्थांची "फूड इंटॉलरन्स" टेस्ट रक्तातल्या आयजीजी नावाच्या अँटीबॉडी बघून करतात, त्यात पैसे घालू नका. आयजीजी म्हणजे तुम्ही तो पदार्थ खाल्लाय एवढंच कळतं, ते तुम्हाला माहीतच असतं.

मधल्या काळात वाट न बघता डॉक्टरकडे जायचं ते कधी: शौचात रक्त किंवा डांबरासारखं काळं शौच, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, न करता कमी झालेलं वजन, थांबत नाहीत अशा उलट्या, लघवी कमी होणं, एकाच जागी सतत दुखणं. घरात कुणाला सिलिॲक, थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार किंवा टाइप 1 डायबेटिस असेल तर तेही सांगा, अशा घरांत सिलिॲक जास्त सापडतो.

शेवटी तुम्ही प्रसादाचं विचारलं होतं, पुढच्या महिन्यात घरी सत्यनारायण आहे आणि शिरा नाही म्हणता येत नाही. शिरा रव्याचा, रवा गव्हाचा, चमचाभर प्रसादात पण पाचशे-सातशे मिलिग्रॅम ग्लूटेन आरामात जातं, म्हणजे तुमच्या वाट्याच्या हिंगाच्या शंभराहून जास्त पट. तीर्थ घ्या, पंचामृत घ्या, नैवेद्यातलं केळं घ्या, तोही प्रसादच आहे, आणि शिऱ्याची वाटी कपाळाला लावून नवऱ्याच्या हातात द्या, कुणी काही म्हणत नाही. वसई-गोव्याकडच्या ख्रिश्चन पेशंटना हीच अडचण चर्चच्या मासमध्ये येते, तिथे अगदी कमी ग्लूटेनचा होस्ट, म्हणजे प्रसादाची गव्हाची पातळ चकती, चालतो किंवा नुसती वाइन घेता येते, फादरना आधी सांगून ठेवावं लागतं.

तर क्रम असा ठेवा, मेटकूट-भाजणी-टोस्ट-दूध आजपासून बंद, शौचाची तपासणी या आठवड्यात, आठ-दहा दिवसांत पोट शांत झालं की डॉक्टरांना भेटून टीटीजीचं ठरवा, आणि जेवण, वेळ, त्रास असं रोज दोन ओळीत लिहून ठेवा, कांदा-लसूण पण लिहा. टीटीजीचा रिपोर्ट हातात येईपर्यंत घरघंटी आणि ग्लूटेन-फ्री पाकिटांवर खर्च करू नका, कदाचित लागणारच नाहीत.